ऊन काचेबाहेरच अडवा : खिडक्या, भिंती आणि गच्चीला सावली करण्याची रीत

मार्च उजाडला की पश्चिमेच्या खोलीला जाड पडदे लागतात, काहीजण काचेवर काळी फिल्म चिकटवून घेतात, आणि तरीही संध्याकाळी सहाला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. ऊन काचेतून सहज आत येतं, पडद्यावर पडतं आणि पडदा तापतो. त्या तापलेल्या पडद्याची धग मात्र काचेतून सहजासहजी बाहेर पडत नाही, खोलीतच फिरत राहते. डोळ्यांवरची तिरीप गेली म्हणून आपल्याला बरं वाटतं, एवढंच. तोच पडदा काचेच्या बाहेर टांगला, तर तो बाहेर तापतो आणि त्याची धग वारा घेऊन जातो. हा सगळा लेख या एका फरकाभोवती आहे.

ढोबळ हिशोब करून बघा. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ५०० ते ७०० वॅट इतकं ऊन पडतं. ४ बाय ४ फुटांची खिडकी म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर. साधी पारदर्शक काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते. म्हणजे एका खिडकीतून ६०० ते ८०० वॅट उष्णता, जणू कपड्यांची इस्त्री दुपारभर चालू ठेवून दिली आहे. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. अशा दोन खिडक्या असतील तर दीड टनाच्या एसीची जवळजवळ पाव ताकद त्या दोन खिडक्यांशी लढण्यातच जाते, आणि त्या लढाईचं बिल आपण भरतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सांगण्यानुसार खिडकीवर बाहेरून लावलेल्या कापडी छपरीमुळे दक्षिणेकडच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत, तर पश्चिमेकडच्या खिडकीतून येणारी ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते.

आधी ऊन मोजा, मग बाजारात जा

घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक खिडकी, दार, उघडी भिंत त्यावर दाखवा. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघा, पण लोखंडी ग्रीलला चिकटून उभं राहून नको, काटा भरकटतो. एप्रिलच्या उत्तरार्धात एखाद्या मोकळ्या सुट्टीच्या दिवशी प्रत्येक खिडकीसमोर दोन वेळा लिहा : ऊन काचेवर कधी आलं आणि कधी गेलं. समोरच्या इमारतीची किंवा झाडाची सावली पडत असेल तर तीही नोंदवा. समोर सात मजली इमारत उभी असलेल्या पश्चिमेच्या खिडकीवर पैसे घालायची कदाचित गरजच नसेल.

आपल्या आकाशाचं एक वैशिष्ट्य इथे माहीत हवं. सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. पुण्यात साधारण १३ मे आणि ३० जुलैला, मुंबईत १५ मे आणि २८ जुलैला, नागपुरात २६ मे आणि १७ जुलैच्या सुमाराला. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. २१ जूनला पुण्यात तो नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तिथून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. ‘उत्तरेची खिडकी, तिला कसलं ऊन’ असं म्हणणाऱ्या घरात मे महिन्याच्या संध्याकाळी ऊन तिरकं शिरतं ते यामुळेच.

युरोप-अमेरिकेसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे सगळा भर दक्षिणेवर असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत बिचारी सगळ्यात कमी त्रास देते. खरं वैर पश्चिमेचं आणि गच्चीचं. वरचा मजला तुमचा असेल तर पहिला पैसा गच्चीवर घाला, मधल्या मजल्यावर राहत असाल तर पश्चिमेवर. पूर्व त्यानंतर, दक्षिण आणि उत्तर शेवटी.

दक्षिण : इथे छज्जा पुरतो

दक्षिणेला काम सोपं आहे, कारण सूर्य उंच असतो. ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे ‘ऑक्टोबर हीट’ ऐन भरात असताना, पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर असतो. तेव्हा ४ फूट उंच खिडकी पूर्ण सावलीत ठेवायला २ फुटांचा छज्जा लागतो. खिडकीच्या उंचीच्या निम्मा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मार्चअखेर ते सप्टेंबर तर सूर्य याहून वर, त्यामुळे तोच छज्जा दिवसभर निभावतो. २१ डिसेंबरला पुण्यात दुपारी सूर्य ४८ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा खिडकीच्या खालच्या पावणेदोन फुटांवर ऊन येतं. ते हवंच असतं.

छज्जा खिडकीच्या रुंदीइतकाच ठेवू नका, दोन्ही बाजूंना निदान एकेक फूट पुढे न्या. सकाळ-दुपारचं ऊन समोरून येत नाही, कोपऱ्यातून येतं. आणि छज्जा खिडकीच्या माथ्यालगतच असू द्या. दीड फूट वर गेला तर त्याची सावली खिडकीऐवजी वरच्या भिंतीवर पडते.

नवीन छज्जा सिमेंटचा ओतायची गरज नाही. पातळ एल अँगलच्या चौकटीवर सिमेंट शीट, लाकडी पट्ट्या किंवा जाड कापड चालतं. दुधी किंवा हिरवा पारदर्शक फायबरचा पत्रा मात्र नको, तो पाऊस अडवतो आणि ऊन सोडतो.

पश्चिम : इथे डोकं लावा

बहुतेक इमारतींना चारही बाजूंनी सारखाच दीड फुटाचा छज्जा असतो. नकाशा काढणाऱ्याचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा उपयोग. मेच्या मध्याला नागपुरात दुपारी चार वाजता सूर्य ३६ अंशांवर असतो, पाच वाजता २२ अंशांवर. ४ फुटी खिडकीला पाच वाजता छज्जानेच सावली करायची म्हटलं तर तो साडेनऊ फूट पुढे काढावा लागेल. तेवढा छज्जा म्हणजे पडवीच झाली.

आणि जुन्या घरांनी नेमकं तेच केलं होतं. कोकणातल्या कौलारू घराची पडवी, देशावरच्या वाड्याची ओसरी, गोव्याच्या घरापुढचं बल्कांव ही बसण्याची जागा आहेच, पण भिंतीवर ऊन पडू न देणारी सावलीही आहे. मुंबईत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांना हाच पेच कांचनजंगा या उंच इमारतीत पडला. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, कडक ऊन आणि झडीचा पाऊसही पश्चिमेलाच. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून वरच्या मजल्यांवर नेला आणि खोल्या त्याच्या आड सरकवल्या. १९८३ मध्ये ही इमारत पूर्ण झाली. तुमच्या फ्लॅटला पश्चिमेकडे बाल्कनी असेल आणि ती काचेने बंद करून खोली मोठी करायचा विचार असेल, तर तो सोडा. ती बाल्कनी तुमच्या बैठकीची छत्री आहे.

बाल्कनी नसेल तर तीन मार्ग.

पहिला आणि सगळ्यात स्वस्त : बाहेरून बांबूचे चिक. खिडकीच्या बाहेरच्या माथ्यावर हूक मारून टांगायचे, दुपारी एकला सोडायचे, सूर्य मावळला की गुंडाळायचे. खालची काठी दोन्ही टोकांना ग्रीलला बांधायची, नाहीतर वाऱ्याने आपटून काच जाईल. ऑफिसला जाणारी मंडळी सकाळी सोडूनच जातात, काही बिघडत नाही. विदर्भात वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायची पद्धत आहे, आणि कोरड्या हवेत तिला तोड नाही. मुंबई-कोकणात तो प्रयोग करू नका. दमट हवेत पाणी सुकत नाही, नुसता ओलावा वाढतो.

दुसरा : तिरप्या पट्ट्यांची चौकट, म्हणजे लूव्हर. एक मोठा छज्जा काढण्याऐवजी त्याचे बारीक तुकडे करून खिडकीसमोर एकाखाली एक लावले, असं समजा. माप सांगतो, फॅब्रिकेटरला हेच द्या : ४ इंच रुंद पट्टी, बाहेरची कड खाली करून ४५ अंशांचा कल, आणि दोन पट्ट्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ४ इंच अंतर. असं केलं की सुमारे २२ अंशांपेक्षा वरचं सगळं ऊन अडतं, म्हणजे नागपुरात मेच्या मध्याला जवळपास पाच वाजेपर्यंतचं. पुणे-मुंबईत सूर्य घड्याळाच्या हिशोबाने नागपूरपेक्षा वीसेक मिनिटं मागे असतो, तेव्हा तिथे तीच वेळ सव्वापाच-साडेपाचला येते. त्यानंतरचं ऊन येतं, पण त्याला धार नसते. वारा पट्ट्यांमधून येत राहतो, आतून खालचं अंगण दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या तर फिकट रंगाच्या घ्या.

चौकट बिजागरीवर ठेवा. खिडकीची काच पुसायची असते, हिवाळ्यात ऊन हवं असतं, आणि आग लागली तर त्याच खिडकीतून बाहेर पडावं लागू शकतं. कायमचं बंदिस्त काहीही करू नका.

उभ्या पट्ट्या, ज्यांना ‘फिन्स’ म्हणतात, पश्चिमेला दिसायला झकास असतात. पण भिंतीला काटकोनात लावलेल्या उभ्या पट्टीतून पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं, त्याला अडवायला काहीच नसतं. त्या तिरक्याच हव्यात. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत (१९५४) वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएने रस्त्याकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूच्या पट्ट्या मुद्दाम तिरक्या वळवल्या, नदीकडच्या सरळ ठेवल्या. आपल्याला अडचण अशी की मार्चचा दुपारचा सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला असतो आणि मेचा संध्याकाळचा उत्तरेला. एकाच कलाची पट्टी दोन्ही वेळा काम करत नाही. फिरत्या उभ्या पट्ट्या घेणार असाल तर जरूर घ्या, नाहीतर आडव्याच बऱ्या.

तिसरा मार्ग नुसत्या खिडकीसाठी नाही, अख्ख्या भिंतीसाठी. पश्चिमेची भिंत दिवसभर उष्णता पिते आणि रात्री ती खोलीत सोडते. पंखा गरम हवा फेकतो अशी तक्रार असते ती याचीच. भिंतीपासून निदान ९ इंच ते १ फूट लांब जीआय पाइपची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची, चौकट उभी करून त्यावर ७५ टक्के सावलीची शेडनेट ताणा. शेतकरी ज्या दुकानातून रोपवाटिकेची जाळी घेतो तिथेच ती मिळते. ही फट महत्त्वाची आहे. जाळी भिंतीला चिकटली तर तापलेली जाळी भिंतीलाच भाजते. फट असली आणि ती वर-खाली उघडी असली की गरम हवा वरून निघून जाते आणि खालून जरा कमी गरम हवा येते.

जाळीऐवजी वेल चढवता आला तर उत्तम. फेब्रुवारीत लावलेला दोडका किंवा घेवडा पाणी नीट मिळालं तर ऐन उन्हाळ्यात दोरीवर चढलेला असतो. मधुमालती, कृष्णकमळ कायमचे. वेल थेट भिंतीवर नको, तारांच्या जाळीवर हवा. झाड लावायला अंगण असेल तर एक सावधगिरी : गुलमोहर आणि बहावा फुलतात सुंदर, पण उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत त्यांच्यावर पानं नाममात्र असतात. पळस, पांगाऱ्याचंही तेच. सावलीसाठी कडुनिंब लावा, त्याची पानगळ चैत्राच्या आत आटोपते आणि नवी पालवी लगेच येते. झाड पायापासून पुरेसं दूर ठेवा.

पूर्व आणि उत्तर

पूर्वेला सगळं पश्चिमेसारखंच, फक्त ऊन सकाळचं आणि हवा अजून थंड. चिक पुरतात. उत्तरेला छज्जा मुख्यतः पावसासाठी. संध्याकाळचं तिरकं ऊन येत असेल तर खिडकीच्या पश्चिमेकडच्या कडेला एक उभी पट्टी द्या. ४ फूट रुंद खिडकीला २ फूट पुढे आलेली पट्टी जूनमध्येसुद्धा पुरते. इथे उभी पट्टी बरोबर काम करते, कारण ऊन भिंतीला घासून येतं.

गच्ची

मे महिन्यात सूर्य डोक्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त ऊन आडव्या पृष्ठभागावर. गच्ची तापली की खालच्या खोलीचं छत रात्रभर धग सोडतं आणि तिथे कितीही चांगले चिक लावले तरी उपयोग थोडाच.

सात-साडेसात फूट उंचीवर पाइपांचा मांडव करून त्यावर शेडनेट टाकणं हा सगळ्यात पटकन होणारा उपाय. उंची यासाठी की खालून वारा खेळला पाहिजे आणि माणसाला ताठ फिरता आलं पाहिजे. हा मांडव कसा बांधायचा हे लग्नाच्या मांडववाल्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, त्यालाच विचारा. पाय गच्चीत भोकं पाडून रोवू नका, वॉटरप्रूफिंगचे बारा वाजतात. पाइपाचे पाय जड सिमेंटच्या ठोकळ्यांत बसवा आणि चारही बाजूंनी कठड्याला तारेने ताणा. मांडव नको असेल तर पांढऱ्या चायना मोझॅकच्या तुकड्यांची फरशी किंवा दर उन्हाळ्याआधी चुन्याचा दाट हात. ही सावली नाही, पण ऊन परत फेकण्याचं काम ती चोख करतात.

सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर ते गच्चीच्या लगत न बसवता उंच चौकटीवर बसवून घ्या. चौकटीचा खर्च वाढतो, पण वीज आणि मांडव दोन्ही मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. खालच्या जागेत वाळवणं घालता येणार नाहीत, एवढी गोष्ट घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

बांधताना

बाहेर टांगलेली वस्तू खाली पडली तर कोणाच्या डोक्यावर पडेल, हा प्रश्न आधी. अँकर फास्टनर लिंटेल (खिडकीच्या माथ्यावरची काँक्रीटची पट्टी), बीम किंवा कॉलममध्येच मारा. गिलाव्यात किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत मारलेला बोल्ट पहिल्या वादळात सुटतो. एप्रिल-मेमधला वळीव अर्ध्या तासात येतो आणि शेडनेट शिडासारखी फुगते. म्हणून जाळी चारही कडांना दर फुटावर बांधा, आणि एका बाजूच्या गाठी पटकन सुटतील अशा ठेवा. भोकांच्या तोंडाशी सिलिकॉन भरायला विसरू नका, नाहीतर ऊन अडवताना भिंतीत ओल शिरेल.

सोसायटीत राहत असाल तर बाहेरच्या दर्शनी भागाला हात लावण्याआधी कमिटीला लेखी अर्ज द्या, त्यासोबत चित्र, रंग आणि माप जोडा. एकट्याने भांडण्यापेक्षा पश्चिमेच्या सगळ्या फ्लॅटनी मिळून एकच रचना सुचवली तर परवानगी लवकर मिळते आणि फॅब्रिकेटरही भाव कमी करतो. पक्का छज्जा वाढवायचा असेल तर पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात चौकशी करावी लागते.

एसीच्या बाहेरच्या युनिटला सावली केल्याने थोडा फायदा होतो, पण त्याची गरम हवा अडली तर त्याहून मोठा तोटा. समोर आणि बाजूंना दोन फूट मोकळे ठेवता येत नसतील तर युनिटला उन्हातच राहू द्या.

नवं घर बांधणाऱ्याचं काम तुलनेने सोपं. झोपायच्या खोल्या पश्चिमेला देऊच नका. जिना, बाथरूम, कपाटांची भिंत, स्टोअर तिकडे ढकला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी आरईटीव्ही नावाचं एक माप आहे, आणि आपल्या हवामानासाठी ते दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. बाहेरची सावली या गणितात धरली जाते. आर्किटेक्टला हा आकडा विचारा. आकडा त्याच्याकडे तयार नसला तरी तुम्ही विचारल्यावर तो काढेल.

फरक पडला का, हे कसं कळणार

एका महिन्याच्या बिलावरून ठरवू नका, एप्रिल आणि मे सारखे नसतात. भिंतीवरचा साधा तापमापक खोलीच्या मध्यावर, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर टांगा. सावली करण्याआधी आणि नंतर, बाहेरचं कमाल तापमान जवळपास सारखं असलेल्या दिवसांची संध्याकाळी सातची नोंद बघा. इन्फ्रारेड तापमापक मिळाला तर पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू रात्री दहाला तपासा. हवेपेक्षा भिंतीत फरक आधी आणि स्पष्ट दिसतो. वीज मोजायची तर मीटरचं रीडिंग रोज ठरावीक वेळी घ्या आणि एसी त्याच तापमानावर ठेवा. खोली गार झाली म्हणून एसी २४ वरून २१ वर आणला तर बचत तिथेच संपली.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत, आणि वरच्या टप्प्यातला युनिट सगळ्यात महाग. सावलीने वाचलेला युनिट नेहमी वरच्या टोकाचा असतो. त्यामुळे बचतीचा हिशोब बिलाच्या सरासरी दराने न करता तुम्ही ज्या टप्प्यात आहात त्या दराने करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात चिक आणि जाळी काढून, झटकून, पूर्ण वाळवून माळ्यावर ठेवा. बांबू एक पावसाळा बाहेर राहिला की पुढच्या उन्हाळ्याला कामाचा राहत नाही. ऑक्टोबरमध्ये पश्चिमेचे चिक पुन्हा एकदा लावावे लागतील.